तोंडाचा शब्द

तोंडी परीक्षा कोणती आणि लेखी कोणती, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘तोंडी’ या अर्थी दोन क्रियाविशेषणे चालतात, ‘ओरली’ आणि ‘व्हर्बली’; आणि एकाच्या जागी दुसरे खुशाल वापरले जाते. दोघांचेही कूळ लॅटिन. पण पहिल्याच्या मुळाशी आहे तोंड, दुसऱ्याच्या मुळाशी शब्द. म्हणून डॉक्टर औषध ‘ओरली’ घ्यायला सांगतात, ‘व्हर्बली’ नव्हे; आणि चिठ्ठी लिहून कळवलेला निरोप, काटेकोरपणे पाहिले तर, ‘व्हर्बली’च कळवलेला असतो.

हा पंडितांचा काथ्याकूट म्हणून मी सोडून दिला असता. पण १८८५ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयात एक खुनाचा खटला याच भेदावर येऊन ठेपला होता. दुलारी नावाच्या स्त्रीचा कोणी गळा कापला होता. ती शुद्धीवर होती, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. अब्दुल्लाचे नाव घेऊन विचारले, तेव्हा तिने हाताच्या खुणेने होकार दिला. पुढे ती मरण पावली. ही खूण पुरावा मानायची काय?

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात मृताच्या निवेदनाविषयी ‘लेखी किंवा व्हर्बल’ असे शब्द होते. मुख्य न्यायाधीश पेथेरॅम यांनी नेमके त्यांवरच बोट ठेवले. कायद्यात ‘ओरल’ असते, तर कदाचित तोंडचे बोलच धरावे लागले असते. ‘व्हर्बल’चा अर्थ त्याहून व्यापक आहे. प्रश्नातले शब्द दुसऱ्याचे खरे, पण होकार देताच ते तिचे झाले. खूण ग्राह्य ठरली.

अशा निवेदनाला आपण ‘मृत्युपूर्व जबानी’ म्हणतो. ‘जबान’ म्हणजे फारसीत जीभ. जिची जीभ चालत नव्हती, तिची जबानी न्यायासनाने ऐकली!

मुक्या साक्षीदाराविषयीच्या कलमाचे जुने शीर्षक २०१३ साली बदलले आणि त्यात ‘व्हर्बली’ व्यक्त होऊ न शकणारा साक्षीदार आला. २०२३ च्या नव्या कायद्यातही तो आहे. जुन्यापेक्षा हे शीर्षक सभ्य खरे. पण न्यायालयात बसून जो लिहून साक्ष देतो, तो शब्दांनीच बोलत नाही काय? त्याला शब्द आहेत. नाही ती वाचा. दुलारीलाही तेवढेच नव्हते.