कफावरचे औषध: अडुळसा ते प्रतिजैविक

नांदेड-लातूरकडे छातीत कफ भरला की पूर्वी आधी अडुळसा आठवायचा. शेळ्या-गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून ही झुडुपे कुंपणाला सहज टिकतात. पानांचा रस मधातून द्यायचा किंवा ज्येष्ठमध घालून काढा करायचा. निजामी राजवटीतल्या वैद्यांकडे आणि हकिमांकडेही हेच झाड होते.

रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये अडुळशाच्या पानांतून व्हॅसिसिन हे द्रव्य वेगळे केले. त्याच्याच रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्सिन बनले आणि १९६०च्या दशकात बाजारात आले. अॅम्ब्रॉक्सॉल त्याचाच पुढचा अवतार. ही औषधे घट्ट बेडका पातळ करतात. जंतूंना मारत नाहीत.

जंतू मारणारी औषधे, म्हणजे प्रतिजैविके, वेगळ्या वाटेने आली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच गटातले अमोक्सिसिलिन आले. मराठवाड्यात मात्र वैद्यकीय शिक्षण हळूहळू पसरले: औरंगाबादला १९५६, अंबाजोगाईला १९७०च्या दशकात, नांदेडला १९८८, लातूरला २००२ मध्ये शासकीय महाविद्यालय झाले. मोठे रुग्णालय दूर असलेल्या गावांत गोळी मेडिकलमधूनच यायची. अशा ठिकाणी २५० किंवा ५०० मिलिग्रॅम अमोक्सिसिलिन आणि ८ मिलिग्रॅम ब्रोमहेक्सिन यांची एकच कॅप्सूल सोयीची वाटावी, हे समजण्यासारखे आहे. तिच्यामागे तर्कही होता: ब्रोमहेक्सिनमुळे प्रतिजैविक बेडक्यात अधिक पोहोचते, असे सांगितले जाई.

पण खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. लातूरच्या डाळमिलची किंवा नांदेडकडच्या जिनिंगची धूळही खोकला आणते. तिथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही; उलट जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. शिवाय दोन्ही औषधे एका कॅप्सूलमध्ये बांधली की एकाचे प्रमाण बदलता येत नाही, एक थांबवून दुसरे चालू ठेवता येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हा दोष फार मोठा आहे.

केंद्र सरकारने १० मार्च २०१६ रोजी अशा ३४४ औषधमिश्रणांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे फेरविचारासाठी सोपवले, आणि २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. १९८८ पूर्वी परवाना मिळालेल्या मिश्रणांचा विचार वेगळा झाला. अखेर २ जून २०२३ च्या अधिसूचनेने आणखी १४ मिश्रणांचे उत्पादन आणि विक्री बंद केली. त्यांत अमोक्सिसिलिन-ब्रोमहेक्सिन होते.

आता ही दोन औषधे गरजेप्रमाणे वेगवेगळी लिहिली जातात. अमोक्सिसिलिन जिवाणूंचा संसर्ग असेल तेव्हाच, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, सांगितलेल्या दिवसांपुरते घ्यायचे. आधीच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या वापरायच्या नाहीत. पेनिसिलिनने कधी अंगावर पुरळ किंवा सूज आली असेल तर ते आधीच सांगायचे. पोटात व्रण असलेल्यांना कफ पातळ करणारे औषध जपून द्यावे लागते. औषध घेतल्यावर चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला, तर पुढची मात्रा न घेता थेट रुग्णालय गाठायचे.