उरलेली वीज

परवा नातवाने उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून लॅपटॉप चार्ज केला आणि मला १९६८ ची जत्रा आठवली. गावात वीज नव्हती. मामांच्या जीपवर नाटकाचे दिवे लावले. इंजिन रात्रभर चालू, तरी तिसऱ्या अंकात उजेड मंदावला. कारण जुना डायनॅमो! इंजिन संथ चालले की तो जवळजवळ काहीच देत नसे. सारा भार बॅटरीवर.

तिकडे अमेरिकेत क्रायस्लरने १९६० सालच्या व्हॅलियंटलाच अल्टरनेटर बसवला होता. त्याची उलटसुलट वाहणारी वीज सिलिकॉन डायोड एकाच दिशेने बॅटरीत सोडत. उभ्या गाडीतही वीज उरू लागली. आमच्याकडे हे यायला बरीच वर्षे गेली.

त्या पहाटे एका बाळंतिणीला तालुक्याला न्यायचे होते. जीप सुरूच होईना. मग सगळ्या नटांनी धक्का मारला, दाढ्यामिशांसकट!