विद्येचें मोल आणि ऋणाचा हप्ता

विद्येला धन म्हणण्याची चाल जुनी आहे. पण तें धन मिळविण्यासाठीं आधीं दुसरें धन वेंचावें लागतें, हें मुलाला शाळेंत घालणाऱ्या बापाला कोणी शिकवावें लागत नाहीं. हें वेंचावयाचें धन घरचें असावें कीं कर्जाऊ, आणि तें पुढें भरून निघेल काय, हा प्रश्न आज मुलीला सौंदर्योपचाराच्या शाळेंत घालूं पाहणाऱ्या कोल्हापुरांतील कुटुंबापुढें उभा आहे. प्रश्नाचें रूप नवें असलें तरी त्याचें मूळ जुनें आहे, आणि त्याचीं कांहीं उत्तरें याच करवीरनगरीच्या इतिहासांत सांपडतात.

शाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं. खेड्यांतील विद्यार्थ्याला अडविणारी खरी धोंड शाळेची फी एवढीच नव्हती. शहरांत राहण्याजेवण्याचा खर्च त्याहून भारी होता. म्हणून महाराजांच्या आश्रयानें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०७ सालीं वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचें वसतिगृह, १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. वस्तरा व कात्री हीच ज्यांची वडिलोपार्जित जिंदगी, त्या नाभिक समाजाच्या मुलांसाठींहि १९२१ सालीं वसतिगृह निघालें. खर्चाची दुसरी बाजूहि दरबारच्या नजरेंतून सुटली नाहीं. शाळेंत जाणारें मूल म्हणजे घरांतला एक कमावता हात कमी. म्हणून १९१७ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण मोफत केलें एवढेंच नव्हे, तर तें सक्तीचें करून मूल न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडहि ठेविला. विद्यार्थ्याला कर्ज देण्यापेक्षां त्याचा खर्चच हलका करावा, हा करवीर दरबारचा मार्ग होता.

त्या जैन बोर्डिंगांत राहून शिकलेला कुंभोजचा एक विद्यार्थी पुढें कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून विख्यात झाला. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथील मुलें स्वतः राबत, आणि श्रमाचा मोबदला शिक्षणाच्या खर्चांत वळता होई. वसतिगृह चालविण्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले, हें सर्वश्रुत आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यावर ऋण नसलें तरी त्याचा भार कोणी तरी वाहतच असतें, हा त्यांतील बोध. ‘कमवा व शिका’ हा मार्ग पुढें १९६२ सालीं स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानेंहि स्वीकारला.

तथापि ऋण सर्वथा वाईट, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ सालीं बडोदें सरकारनें अमेरिकेंतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली. त्याबद्दल दहा वर्षें त्या संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना राहण्यास जागा मिळेना, आणि ती नोकरी सोडावी लागली. पदवी होती, पगार होता; आड आला तो समाज. पुढें मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा सांठविला. मार्च १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेंत शाहू महाराजांनीं त्यांचा गौरव केला, आणि त्याच वर्षीं स्वतःची शिल्लक व नवल भथेना या मित्राकडील पांच हजारांचें कर्ज घेऊन ते लंडनला गेले. १९२३ सालीं ते बॅरिस्टर होऊन परतले. आधीं शिल्लक, मग उसनवारी, आणि तीहि स्वतंत्र चरितार्थ देणाऱ्या विद्येसाठीं, असा हा क्रम आहे.

आतां हिशेब आजचा. समजा, दोन लाखांचें कर्ज सालीना दहा टक्के व्याजानें पांच वर्षांत फेडावयाचें आहे. दरमहाचा हप्ता सुमारें ४,२५० रुपये पडतो, आणि व्याजापोटीं एकंदर ५५,००० रुपये जातात. शिक्षण चालूं असतां बँका सामान्यतः हप्ता मागत नाहींत. पण व्याज त्या काळांतहि चढत असतें. अमेरिकेंत २०१४ सालीं शिक्षणखात्यानें धंदेशिक्षणाच्या शाळांस एक कसोटी लाविली: पदवीधराचा कर्जहप्ता त्याच्या कमाईच्या आठ टक्क्यांच्या आंत असला, तर तो अभ्यासक्रम उत्तीर्ण. सौंदर्यशाळांच्या संघटनेनें न्यायालयांत तक्रार केली कीं, या धंद्यांतील गिऱ्हाइकांची बक्षिशी सरकारी आंकड्यांत पुरती उतरत नाहीं. २०१७ सालीं न्यायालयानें त्यांत कांहीं तथ्य मानलें. तो नियम २०१९ सालीं रद्द झाला व २०२३ सालीं नव्या स्वरूपांत पुन्हा केला गेला. ही आठ टक्क्यांची कसोटी वरील हप्त्यास लावल्यास मासिक कमाई ५३,००० रुपयांच्या घरांत असावी लागेल. नवशिक्या मुलीला एवढें वेतन देणारीं पार्लरें शहरांत किती, हें शाळेच्या जाहिरातींतील हंसऱ्या चेहऱ्यांवरून नव्हे, तर मागील वर्षीं तेथून बाहेर पडलेल्या मुलींस विचारून ठरवावें. सर्वांत यशस्वी मुलीचें नव्हे, सामान्य मुलीचें उत्पन्न धरावें. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या योजनेंत कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. खाजगी शाळेची भारी फी भरण्यापूर्वीं तेथें चौकशी करणें शहाणपणाचें. शिवाय स्वतःचें दुकान थाटावयाचें तर खुर्ची, आरसे व भाडें यांसाठीं पुन्हा भांडवल लागतें. सारी पत फींतच संपली, तर कला हातीं असूनहि धंदा परक्याचाच राहतो.

शंभर वर्षांपूर्वीं या नगरीनें वसतिगृहें बांधलीं, तीं हुशार मुलगा पैशापायीं मागें राहूं नये म्हणून. आजच्या मुलीच्या बाबतींत एवढें तरी घडावें कीं, तिच्या हाताला कला यावी आणि पहिल्या पगाराचा मोठा वांटा हप्त्यांत न जातां तिच्या स्वतःच्या हातीं राहावा.