मध्यरात्रीचे काळे दाणे

उठा. गाव पोंपेई, साल इ.स. 78, मे महिन्याची 9 तारीख, वेळ मध्यरात्रीची. या घरातले कर्ते पुरुष तुम्ही, तेव्हा आजचं काम तुमचंच. पुरोहित येणार नाही, त्याला बोलवायचंही नसतं.

चपला राहू द्या. पायांत वादी नको, गाठ नको. अनवाणी पायांना फरशी गार लागते. कुत्री गप्प आहेत.

चुलीजवळून जाताना दिवा जरा वर धरा. भिंतीवर देव्हारा रंगवला आहे: झगे उडवत नाचणारे दोन लारेस, हातांत उंच धरलेली शिंगं, मधे टोगा डोक्यावरून घेतलेला घरच्या कर्त्याचा रक्षक आत्मा, खाली वेदीकडे सरकणारा साप. घर जपतात ते हे. शेतावरच्या कारभारणीनं रोज निजण्याआधी चूल झाडावी आणि महिन्याच्या ठरलेल्या तीन दिवशी तिला माळ घालावी, असं रोमन लेखक कॅटोनं दोन शतकांपूर्वीच लिहून ठेवलंय. पुढे 392 मध्ये सम्राट थिओडोसियस घरातला हा दिवा, धूप आणि माळसुद्धा कायद्यानं बंद करेल. मोठमोठ्या देवळांइतकीच सत्तेला घरातल्या चुलीची धास्ती वाटावी, यातच या साध्या पूजेचं बळ दिसतं.

तुमचं आजचं काम मात्र मृतांशी आहे. फेब्रुवारीत तुम्ही त्यांच्या थडग्यांवर गेला होतात. मूठभर धान्य, चिमूटभर मीठ, वाइनमध्ये भिजवलेला पाव, थोडी फुलं ठेवून आलात. मे महिन्यात तेच घरी येतात, आणि अस्वस्थ असतात.

मूठ वळा, अंगठा बोटांच्या मधून बाहेर काढा. अंधारात एखादी सावली आडवी आलीच, तर ही खूण तिला अडवते. झऱ्याचं पाणी हातांवर घ्या. आता बाकल्याचे काळे दाणे उचला. सुकलेले, कडक, नखानं दाबले तरी खूण न उमटणारे. मृतांचे जीव या दाण्यांत असतात असं मानतात. ज्युपिटर देवाचा मुख्य पुजारी तर त्यांना शिवतही नाही, त्यांचं नावही घेत नाही.

तोंड फिरवून दाणे मागे टाकत चला. हे घ्या आणि मला नि माझ्या माणसांना मोकळं करा, असं नऊ वेळा म्हणायचं. मागून कोणीतरी ते वेचत येतंय. वळून पाहू नका. स्मशानातून परतताना पाळायचा हा नेम तुम्हाला नव्यानं शिकवायला नको.

पुन्हा हात धुवा. काशाची भांडी एकमेकांवर आपटा, आवाज कोपऱ्याकोपऱ्यात पोचू द्या, आणि घर सोडायला नऊ वेळा सांगा. सांगताना हाक वाडवडिलांची मारायची. मला या विधीतलं सगळ्यात भावतं ते हेच: ज्यांची भीती वाटते, त्यांच्याशीही नातं तोडायचं नाही.

आता वळून बघा. काम झालं.

या दिवसांत देवळं बंद ठेवतात, आणि मे महिन्यात लग्नाचा विषयही काढत नाहीत. परवा 11 ला आणि मग 13 ला पुन्हा याच वेळी उठायचंय, तेव्हा दाणे पुरतील ना, ते सकाळीच पाहून ठेवा.