घटस्फोटाची नोंद लग्नाच्या वहीत का नाही?

मीरा-भाईंदर महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयात एखाद्या जोडप्याचे लग्न नोंदले गेले, की ते त्या वहीत कायमचे टिकते. पुढे ते लग्न मोडले, कोर्टाने हुकूमनामा दिला, दोघांनी वेगळे संसार थाटले, तरी वहीतली मूळ नोंद तशीच राहते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने लग्नाची नोंदणी सक्तीची झाली, पण घटस्फोटाचा हुकूम त्या नोंदीपर्यंत पोचवायची जबाबदारी कोणावरच आली नाही. लग्नाचा पुरावा महापालिकेत, घटस्फोटाचा पुरावा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि दोहोंना जोडणारा धागा फक्त त्या बाईच्या किंवा पुरुषाच्या कपाटातली एक प्रत. ती हरवली की पुनर्विवाह, पासपोर्ट, कुटुंब निवृत्तिवेतन, परदेशातला व्हिसा, सगळे अडते. ही केवळ कार्यालयीन गैरसोय नाही. या प्रदेशाचा इतिहास पाहिला तर लग्न मोडल्याची नोंद लग्नाच्या नोंदीशेजारीच ठेवण्याची रीत इथे, शेजारी आणि आपल्याच राज्यात अनेक समाजांत रुजलेली दिसते. ती सर्वांसाठी लागू करायला आपण विसरलो, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात गावठाणांपासून करू. भाईंदर, नवघर, घोडबंदर, काशी ही साष्टीच्या उत्तर टोकाची गावे. मिठागरे, भातशेती आणि खाडीवरची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी, कुणबी समाजांत लग्न मोडणे अशक्य कधीच नव्हते. पंचांसमोर काडी मोडली जाई, किंवा नवरा सोडचिठ्ठी लिहून देई. मग बाईला पाट लावायची, म्हणजे दुसरे घर करायची, मोकळीक मिळे. आर्थर स्टील याने १८२७ मध्ये दख्खनमधल्या जातींच्या रूढींचे जे संकलन छापले, त्यात पाटाच्या चाली जातवार नोंदलेल्या आहेत. पेशवाईच्या हिशेबांत पाटदाम नावाचा करही दिसतो. म्हणजे दुसऱ्या लग्नाची दखल सरकार घेत होते, कारण त्यातून उत्पन्न होते. पहिले लग्न सुटल्याचा पुरावा मात्र पंचांची आठवण आणि बाईच्या पदरची चिठ्ठी एवढाच. गाव लहान होते, सोयरीक पंचक्रोशीतली होती, तोवर हा पुरावा पुरत होता. कोणाची काडीमोड कधी झाली हे चार घरांना ठाऊक असे आणि नव्या सोयरिकीत तेवढे पुरे पडे. पण चिठ्ठी लिहायची की नाही हे नवऱ्याच्या मर्जीवर होते. त्याने नाकारले तर पंचांची मोकळीक कितपत टिकेल, हा प्रश्न उरत होता.

त्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी कोर्टांनी दिले आणि ते बायकांच्या विरुद्ध गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ च्या एका निकालात सांगितले की, नवऱ्याची संमती नसताना जातीने लग्न मोडल्याचे जाहीर केले किंवा बाईला दुसरे लग्न करण्याची परवानगी दिली, तर कोर्ट ते मानणार नाही. पंचायतीच्या शब्दावर विसंबून पाट लावणारी बाई द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाच्या फौजदारी कलमात सापडू शकत होती. जातपंचायतीच्या जुलमाचा इतिहास विसरून मी तिची बाजू घेत नाही. पण कोर्टाने जुना दाखला रद्द केला आणि त्याच्या जागी नवा दिला नाही, हे खरे आहे. सर्वसामान्य हिंदू बाईला कोर्टात जाऊन घटस्फोट मागायचा कायदाच तेव्हा नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काडीमोडीला कायद्याचे रूप दिले, बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात, आणि त्यातल्या ठाणे जिल्ह्यात, तो यायला १९४७ उजाडले. तेव्हाच्या मुंबई कायद्याने पहिल्यांदा भाईंदरच्या हिंदू बाईला ठाण्याच्या कोर्टाचे दार घटस्फोटासाठी उघडले. आठ वर्षांनी १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. त्याने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट कलम २९ मध्ये शाबूत ठेवला, पण अशी रूढी त्या समाजात आहे हे कोर्टात मांडावे आणि सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेला फारकतनामा आजही अनेक घरांत जपून ठेवलेला असतो. तो कागद आपोआप घटस्फोटाचा पुरावा ठरत नाही, हे पुष्कळांना फार उशिरा कळते.

याच महापालिकेच्या हद्दीत, पश्चिमेला उत्तन-डोंगरीच्या बाजूला, वेगळी परंपरा नांदत होती. साष्टी १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि त्या दोनशे वर्षांत इथल्या कोळी-आगरी वस्तीतले बरेच लोक ख्रिस्ती झाले. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशने लग्नाची वही ठेवावी असे ठरवले. कॅथलिक धर्मसंहितेनुसार, १९१७ च्या आणि नंतर १९८३ च्याही, चर्चच्या न्यायसभेने एखादे लग्न मुळातच अवैध ठरवले तर तशी टीप लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात घालावी लागते. त्यामुळे त्या माणसाचा बाप्तिस्म्याचा दाखला पुन्हा लग्नासाठी मागवला, की त्या टिपेसकट हाती येतो. लपवायला किंवा हरवायला जागा नाही. चर्चचा निर्णय दिवाणी कायद्यात घटस्फोट मानला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आहे. ख्रिस्ती जोडप्याला १८६९ च्या कायद्याखाली कोर्टातच जावे लागते, आणि २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत ठाण्याच्या जिल्हा न्यायाधीशाने दिलेला हुकूम उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. त्यामुळे त्या काळच्या एकाच घटस्फोटाचे कागद ठाण्यात आणि मुंबईत अशा दोन ठिकाणी शोधावे लागतात. पण पुरावा ठेवण्याची पद्धत म्हणून पाहिले, तर चर्चची समासातली टीप सरकारी व्यवस्थेपेक्षा सरस आहे, यात मला शंका वाटत नाही.

हा धर्मसंस्थेचा मामला आहे, सरकारला ते कसे जमावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सरकारनेच पूर्वी देऊन ठेवले आहे. पारशी विवाह व घटस्फोट कायदा १९३६ चा. त्याच्या कलम १० प्रमाणे कोर्टाने घटस्फोटाचा हुकूम दिला की त्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवायची आणि निबंधकाने ती स्वतंत्र नोंदवहीत चढवायची. पाठवायचे काम कोर्टाचे आहे, पक्षकाराचे नाही. बंगालमध्ये तर १८७६ सालीच, म्हणजे मुंबईचा वर सांगितलेला निकाल आला त्याच वर्षी, मुसलमानांच्या लग्नांबरोबर तलाकांच्याही ऐच्छिक नोंदणीचा कायदा झाला. गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१० चा घटस्फोटाचा हुकूम लागू झाला तेव्हापासून नागरी नोंदणीची परंपरा चालत आली आहे, आणि कोर्टाने विवाह मोडला की लग्नाच्या नोंदीच्या समासात तशी टीप आजही केली जाते. साष्टी पोर्तुगीजांच्या हातून १७३९ मध्ये गेली नसती तर, असा विचार करण्यात अर्थ नाही. पण एका पद्धतीची तीन-तीन उदाहरणे समोर असताना १९५५ चा कायदा करणाऱ्यांनी ती उचलली नाही, ही मोठी चूक होती. त्या कायद्याच्या कलम ८ ने विवाह नोंदणीचे नियम करायला राज्यांना मोकळीक दिली, आणि घटस्फोटाच्या नोंदीचे नावही काढले नाही.

त्या चुकीची किंमत मीरा-भाईंदरसारख्या शहरात सर्वांत जास्त मोजावी लागते. १९८५ मध्ये इथे नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. हे बहुतांश लोक बाहेरून आलेले: मुंबईत घर न परवडलेले गिरगाव-लालबागचे मराठी, गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय, नया नगरचे मुसलमान. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे घटस्फोटाचा अर्ज लग्न झाले तिथे, दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे किंवा सामनेवाला राहतो तिथे करता येतो, आणि २००३ पासून पत्नीला ती राहते तिथेही. त्यामुळे मीरा रोडला राहणाऱ्या माणसाच्या घटस्फोटाचे कागद वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात असू शकतात, ठाण्यात, खाडीपलीकडे वसईत, किंवा रत्नागिरी, भावनगर, जौनपूरला. वसई तर २०१४ पासून पालघर या वेगळ्या जिल्ह्यात गेली. मीरा रोडला न्यायालय आले आहे, पण ते कनिष्ठ स्तराचे, आणि घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर न्यायाधीशापुढे किंवा कौटुंबिक न्यायालयात चालतो. ठाण्याला जायचे तर घोडबंदर रोडच्या गर्दीतून, नाहीतर लोकलने दादरपर्यंत खाली जाऊन मध्य रेल्वेने पुन्हा वर.

आणि तिथे पोचल्यावर? नक्कल विभागातल्या अर्जावर सगळ्यात आधी याचिकेचा क्रमांक आणि वर्ष लागते. कोर्टाची रजिस्टरे वर्षवार आणि क्रमांकवार असतात, आणि लोकांच्या लक्षात असतात ती माणसांची नावे. निकाल लागल्याची तारीख, दोन्ही पक्षकारांची नावे, निकालपत्र हवे की हुकूमनामा की दोन्ही, हे लिहून कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. अर्जदार स्वतः पक्षकार नसेल तर सहसा प्रतिज्ञापत्रावर कारण देऊन न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. यथावकाश येणाऱ्या प्रमाणित प्रतीवर तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची, प्रत दिल्याची. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळवण्यात गेलेला काळ वगळला जातो, म्हणून त्या तारखांना किंमत आहे. माहिती अधिकाराचा रस्ता इथे चालत नाही. कोर्टाच्या कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच मिळतील, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले.

ई-कोर्टमुळे हा प्रश्न संपला, असा एक आक्षेप येईल. नव्या खटल्यांपुरते त्यात तथ्य आहे. सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने आजचा खटला मोबाइलवर सापडतो. पण १९७८ किंवा १९९२ सालच्या हुकूमनाम्याला सीएनआर नसतो, आणि आज निवृत्तिवेतनासाठी धावणारी पिढी त्याच काळात वेगळी झालेली आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: घटस्फोटाची नोंद लग्नाच्या वहीत आली तर खासगीपणाचे काय? कायद्याने वैवाहिक खटले बंद दाराआड चालवायला सांगितले आहे आणि त्यांचा मजकूर छापायला बंदी केली आहे, आणि ते योग्यच आहे. भांडण, आरोप, पुरावा, पोटगी हे सगळे बंदच राहायला हवे. पण लग्न मोडले आहे एवढी वस्तुस्थिती खासगी नाही, लग्न झाले आहे ही जशी नाही. हुकूमनाम्याचा क्रमांक, तारीख आणि कोर्टाचे नाव एवढे नोंदले तरी पुरे. शिवाय अशी टीप नसल्याने गुप्तता टिकते कोणाची? पहिले लग्न सुटले नसताना ‘घटस्फोटित’ असे सांगून दुसरे लग्न करणाऱ्याची. त्याच्या नव्या बायकोला खात्री करून घ्यायला आज काहीच सोपी जागा नाही. अपिलाची मुदत संपेपर्यंत टीप करू नये, ही अडचण रास्त आहे आणि तिचा उपाय सोपा: मुदत संपल्यावर कोर्टाने कळवावे. रूढीचा घटस्फोट आणि कोर्टाबाहेरची फारकत या नोंदीत कशा आणायच्या, हे खरोखर अवघड आहे. तिथे दिवाणी कोर्टाच्या घोषणेनंतरच टीप, एवढेच आजघडीला शक्य दिसते.

यासाठी राज्याच्या १९९८ च्या कायद्यात दुरुस्ती करून कोर्टांनी अंतिम हुकूमनाम्याची प्रत विवाह निबंधकाकडे पाठवावी अशी तरतूद करावी. १९३६ चे कलम त्यासाठी नमुना म्हणून समोर आहेच. ती होईपर्यंत ज्यांचा निकाल लागणार आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे, १९७६ पासून, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य देणे कोर्टावर बंधनकारक आहे. ती मागून घ्या, आणि याचिकेचा क्रमांक व वर्ष घरातल्या आणखी एका माणसाला लिहून द्या.