माडावरचं अंग

गोव्यातला रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, दिवसातून तीनदा माड चढतो. सकाळ-संध्याकाळ सूर (माडी) उतरवायला, दुपारी पोय (माडाचा फुलोरा) तासायला. कमरेला काती (कोयता) आणि दुदिणें (माडीचं भांडं), खोडाच्या खाचांत रुतवलेली पायाची बोटं. पेडण्यातले माझे आजोबा हेच करत. त्यांच्या पोटऱ्यांचा जिममधल्या पोरांनी हेवा करावा. पण शाळेत व्यायाम शिकवायला लागल्यावर मला एक प्रश्न छळू लागला. आजोबांना जाणत्या वयात आलेली ताकद पुढं का वाढली नाही? माड वाढतो खरा, पण शरीराला तो भार वाटावा इतक्या घाईनं नव्हे. काम तेवढंच राहिलं, अंगही तेवढंच राहिलं.

तालमीत तसं होत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पुण्यात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्यानं चालना दिली, ती मुळात कुस्तीगिराचं अंग घडवण्यासाठी. खांब जागचा हलत नाही, पण त्यावर आधी साधी उडी, मग बगली, मग दसरंग, अशा अवघड होत जाणाऱ्या उड्या. जोर-बैठकांचा आकडाही असाच चढवत न्यायचा. बडोद्यात संपादक मुजुमदारांनी ही विद्या व्यायाम ज्ञानकोशात नोंदवली. 1936 साली त्याचा पहिला खंड आला, 1949 पर्यंत दहा झाले.

पण भार चढवणं एकटं पुरत नाही, सातत्यही लागतं. गोव्यातल्या शिगम्यात डिचोली-सत्तरीला होणारा घोडेमोडणीचा नाच बघा. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशांवर पुढं-मागं पडणारी पावलं. त्या दिवसांत नाचणाऱ्यांच्या मांड्या भरून येतात, मग घोडा वर्षभर माळ्यावर! सातत्य नसेल तर स्नायू मिळवलेलं सोडून देतो.

डिचोलीच्या खाणींचा धडा मात्र कडू आहे. 1950 नंतरच्या दशकात इथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं. यंत्रं येण्याआधी बायका-पुरुष ते पाट्यांतून डोक्यावर वाहत. ओझं भरपूर होतं, तेही रोज. पण पेजेवर दिवस काढणाऱ्याला पुरेसं अन्न नाही आणि झोपही नाही. कष्टात स्नायू शिणतो. त्याची बांधणी होते ती नंतर, खाल्लेल्यावर आणि विश्रांतीत. म्हणून हमाली म्हणजे व्यायाम, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

भार चढवत नेण्याचं तालमीतलं तत्त्व 1945 साली थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरानं शास्त्रात मांडलं. जखमी सैनिकांना तोवर हलकी वजनं पुष्कळदा उचलायला लावत. अशा उचलण्यानं दम वाढतो, ताकद वाढत नाही, असं डीलॉर्मचं म्हणणं. त्यानं दहादाच जेमतेम उचलेल एवढं वजन दिलं, आणि ते सोपं झालं की वाढवलं. आजोबांच्या पोटऱ्यांचा उलगडा मला इथं झाला. रोज तोच भार पुन्हापुन्हा, म्हणून ताकद तेवढीच राहिली, पण त्यांचा दम शेवटपर्यंत अफाट होता.

पेडण्याच्या जिममध्ये जाणाऱ्या पोरांनो, पावडरीचा डबा घेण्याआधी एक वही घ्या. मागच्या आठवड्यात किती वजन, कितीदा उचललं, ते तीत लिहा.