गोव्यातील पराभव आणि लिस्बनची लोकशाही

आमचे नाहूर साष्टी बेटातले. येथून पोर्तुगीजांची सत्ता १७३७ साली गेली, वसईहून १७३९ साली. आडनावे व देवळे मागे राहिली. पोर्तुगालचा विषय निघाला की आपल्या घरांतून अजूनही माया किंवा राग उमटतो; परंतु तो देश लोकशाहीकडे कसा वळला, हे आपण क्वचितच बोलतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता. तो न पाळून तीन हजारांहून अधिक शिपायांचे प्राण वाचविणाऱ्या या सेनानीला १९६३ साली बडतर्फ करण्यात आले. आमच्या मते त्या राजवटीची नैतिक हार येथेच झाली. हट्ट सत्ताधाऱ्यांचा, शिक्षा सैनिकांना, हे तरुण अधिकाऱ्यांनी मनात ठेवले. अंगोलात १९६१ सालीच युद्ध पेटले; पुढे गिनी व मोझांबिकही पेटले. तेरा वर्षांनंतरही विजय दिसेना, तेव्हा २५ एप्रिल १९७४ रोजी त्याच सैन्यातील कप्तानांनी राजवट उलथून टाकली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत मारियो सोआरेश व आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. व्हासालो ई सिल्व्हा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

चर्चविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. बहुतेक बिशप सालाझारच्या छायेत गप्प राहिले. पोर्तोचे बिशप आंतोनियो फेरेइरा गोमेस यांनी मात्र १९५८ साली त्याला खरमरीत पत्र लिहिले व त्यापायी दहा वर्षे परदेशी काढली. १९७० साली पोप सहावे पॉल आफ्रिकी मुक्तिलढ्यांच्या नेत्यांना भेटले, तेव्हा लिस्बनचा तिळपापड झाला.

खरी कसोटी १९७५ साली लागली. नव्वद लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या गरीब देशात आफ्रिकेतून सुमारे पाच लाख माणसे आली. मोझांबिकमधील गोमंतकीय कुटुंबेही त्यांत होती. लिस्बनच्या धक्क्यावर लाकडी खोक्यांच्या राशी लागल्या. सरकारने हॉटेलांतून माणसे ठेवली. सर्वस्व गमावलेल्यांच्या रोषावर नवा हुकूमशहा पोसला जाणे अवघड नव्हते. तसे झाले नाही. बरेचसे लोक आपल्या मूळ गावी, आप्तांच्या घरी सामावले गेले. सरकारी मदत मिळाली आणि मताचा अधिकारही. २५ एप्रिल १९७५ च्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले होते; १९७६ साली राज्यघटना आली. शेजाऱ्यांनी नाके मुरडली, टोमणे मारले. तरी दार बंद केले नाही.

दार सर्वांना मात्र सारखे उघडे नव्हते. जून १९७५ च्या एका हुकुमाने आफ्रिकेत जन्मलेल्या, परंतु पोर्तुगीज वंश दाखवू न शकणाऱ्या बहुतेकांचे नागरिकत्व गेले. कालपर्यंत ज्यांना पोर्तुगीज म्हणून सैन्यात लढविले, त्यांतील अनेक कृष्णवर्णीयही त्यांत सापडले.